शाळा सुटल्यावरची दहा मिनिटं: वर्गाची रोजची नोंद कशी ठेवायची

टाचण वेगळं आणि ही वही वेगळी, हे आधीच सांगून टाकते, कारण नोंद म्हटलं की आपल्या लोकांच्या कपाळावर आठ्या येतात, आधीच एवढी रजिस्टरं त्यात अजून एक कशाला म्हणून. टाचण म्हणजे उद्या काय शिकवणार ते, त्यावर तारीख असते, सही असते, केंद्रप्रमुख, म्हणजे आमच्या शाळा तपासायला येणारे अधिकारी, आले की ते टेबलावर ठेवायचं असतं. मी सांगतेय ती वही कुणालाच दाखवायची नाही. आज वर्गात खरंच काय झालं ते चार ओळीत लिहायचं आणि त्यावरून उद्या पहिल्या तासाला काय करायचं ते ठरवायचं, बस्स एवढंच तिचं काम.

मी झेडपीच्या दोन शिक्षकी शाळेत आहे, बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. तिसरी चौथी माझ्याकडे, पहिली दुसरी सरांकडे. गावातली बरीच घरं ऊसतोडीची, दिवाळी झाली की टोळ्या निघतात त्या पार मार्च एप्रिलला परत, त्यामुळे माझा वर्ग नोव्हेंबरात वेगळा दिसतो आणि एप्रिलात वेगळा. हे सांगायचं कारण की खालचं सगळं अशा शाळेतून आलेलं आहे, शहरात चाळीस पन्नासचा पट असेल तर थोडं बदलावं लागतं, तेही मधे सांगते.

आधी वेळेचं बोलू, सगळ्यांचं घोडं तिथंच अडतं. शाळा सुटली, लेकरं गेली, आता खोलीला कुलूप लावायचं, त्याच्या आधीची दहा मिनिटं धरा. घरी जाऊन निवांत लिहीन म्हणाल तर ते होत नाही, घरी गेलं की स्वयंपाक, आपली स्वतःची लेकरं, आणि ग्रुपवर आलेलं असतंच काहीतरी, "सदर माहिती आजच ५ वाजेपर्यंत सादर करावी". मधल्या सुट्टीत पण जमत नाही कारण खिचडी वाटताना तिथं उभं राहावं लागतं. ज्यांची गाडी शाळा सुटल्या सुटल्या असते त्यांनी गाडीत बसून मोबाईलवर बोलून ठेवलं तरी चालेल, बोलायला दोन मिनिटं लागतात, फक्त बाजूला कोण बसलंय ते बघून बोला, मुलांची नावं असतात त्यात. शक्यतो वहीच बरी. मोबाईल हातात घेतला की आधी मेसेज दिसतात आणि मग काय लिहायचं होतं तेच जातं डोक्यातून. आणि कुणी म्हणेल की हा वेळ आम्ही फुकट का द्यायचा, तर आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत आणि त्यात शिकवण्याबरोबर तयारीचाही वेळ आहे, ही दहा मिनिटं तयारीतच बसतात.

वही साधी शंभर पानी घ्या, रकाने अजिबात आखू नका. रकाना आखला की तो भरावासा वाटतो, आणि भरायचा म्हणून भरायला लागलो की आठ दिवसात त्यात "निरंक" यायला लागतं, आपल्याला ती सवयच आहे.

आता दिवसभरात काय करायचं. संध्याकाळी वही उघडली की काहीच आठवत नाही, दिवस चांगला गेला नाहीतर डोकं उठलं एवढंच आठवतं, त्याचा काही उपयोग नाही. म्हणून एक पाठकोरा कागद चौघडी घालून खडूच्या डबीत ठेवायचा. काही खटकलं, काही नवल वाटलं की तिथल्या तिथं दोन शब्द खरडायचे, मुलाचं नाव आणि ते जे बोललं ते जसंच्या तसं. वाक्य नको, व्याकरण नको. "आठातून दोन काढले" एवढं लिहिलेलं असलं तरी संध्याकाळी सगळा प्रसंग आठवतो. मुलाचे शब्द जसेच्या तसे असणं महत्त्वाचं आहे, आपण ते शुद्ध करून लिहिले की त्यातला नेमका कळीचा भाग निघून जातो. दिवसाला अशा तीन चार खरडी झाल्या तरी पुष्कळ, त्यातली एकच संध्याकाळी नीट लिहायची. हो, एकच. सगळा वर्ग रोज लिहायला गेलात तर आठवड्यात सोडून द्याल.

संध्याकाळच्या नोंदीत माझ्या तरी तीनच गोष्टी असतात. काय दिसलं किंवा ऐकलं, त्याचं कारण मला काय वाटतं, आणि उद्या काय करून बघणार. यात पहिली आणि दुसरी वेगळी ठेवायची हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात कामाचं पण तेच आहे. "लक्ष नव्हतं" हे दिसलेलं नाही, तो आपण काढलेला निष्कर्ष आहे. दिसलं काय तर तो खिडकीतून बाहेर बघत होता, पाटीवर पहिलं गणित होतं आणि दुसरं नव्हतं. आता यातून लक्ष नव्हतं असंही निघतं आणि दुसरं गणित फळ्यावरून दिसलंच नाही असंही निघतं, आणि या दोन्हीवर उद्याचा उपाय एकदम वेगळा आहे. "कच्चा आहे", "हुशार आहे", "आळशी", "घरी अभ्यास घेत नाहीत" असले शब्द वहीत आले की पेनानं त्याला गोल करा आणि स्वतःलाच विचारा, असं मी कशावरून म्हणतेय. उत्तर सापडलं तर ते लिहा, नाही सापडलं तर खोडा.

एक उदाहरण जरा सविस्तर घेते, वजाबाकीचं, कारण ते कुठल्याही तिसरीच्या वर्गात उद्या सकाळी बघायला मिळेल.

फळ्यावर ५२ − ३८ दिलं. बरोबर उत्तर १४. एका पोरीनं २६ लिहिलं आणि तिच्या मागच्या बाकावरच्या पोरानं २४. दोघांनाही चूक अशी फुली मारली आणि "वजाबाकी कच्ची, सराव द्यावा" असं लिहिलं तर दोघांनाही अजून दहा गणितं मिळणार आणि दोघंही ती दहा तशीच चुकवणार. ताप दोघांनाही आहे पण एकाला मलेरिया आणि एकाला टायफॉइड, गोळी एकच देऊन कसं चालेल. पोरीला विचारलं की बाळा कसं केलंस ते सांग, तर ती म्हणाली, "दोनातून आठ जात नाहीत ना मॅडम, म्हणून आठातून दोन काढले." म्हणजे तिच्या डोक्यात नियम पक्का आहे, मोठ्यातून लहान काढायचा, वर कोण खाली कोण याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिच्यासाठी ५२ ही एक संख्या नाहीच, एक ५ आहे आणि शेजारी एक २ आहे. पोरानं मात्र दशक सुटा केलाय, १२ मधून ८ काढून ४ बरोबर आणलेत, फक्त पाचातला एक दिला हे विसरून पाचातूनच तीन वजा केले. त्याला सगळी पद्धत माहितीय, एक पायरी गळाली.

मग वहीत लिहायचं ते असं:

"५२−३८. हिचं २६, 'आठातून दोन काढले'. दशकाचे सुटे होतात हे माहीत नसावं असं वाटतं. त्याचं २४, दिलेला दशक कमी केला नाही. उद्या हिला काड्यांचे गठ्ठे, गणित तोंडीच, लिहायचं नाही. त्याला फक्त पाचावर काट मारून वर चार लिहायची सवय. दोघांना परत ६१−२७ आणि ७०−३४."

बघा, पाच सहा ओळींच्या वर काही नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढं दहा दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवायच्या आणि म्हणायचं मला आता यातल्या अडतीस दे. तीन जुड्या ती लगेच देते, मग आठ सुट्या द्यायच्या तर हातात दोनच, इथं ती थांबते, आणि इथं आपण तोंड बंद ठेवायचं. जरा वेळानं ती स्वतःच एका जुडीचं रबर काढते. ते रबर तिनं काढायला पाहिजे, आपण काढून दाखवलं तर त्या काड्यांचा काही उपयोग नाही, तो परत आपलाच फळा झाला.

यातच एक बारकी गोष्ट आहे, ५८−२३ सारखं गणित दिलं तर ही पोरगी बरोबर ३५ आणते. आपण टिक मारतो, पुढं जातो. म्हणून वहीत नुसतं "वजाबाकी येते" लिहू नका, कुठलं गणित दिलं होतं तो आकडा लिहा. ६१−२७ मधे ४६ आलं तर जुनाच नियम चालू आहे, ३४ आलं तर सुटली.

आकड्यांचाच विषय निघालाय तर, सत्तेचाळीस म्हटल्यावर ७४ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, आणि त्यांना धांदरट म्हणायची घाई करू नका. आपण सात आधी बोलतो आणि चार आधी लिहितो, पोर जसं ऐकतं तसं लिहितं. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी वाचायची पद्धत आली होती तेव्हा केवढा गोंधळ झाला होता, सगळीकडे विनोद चालू होते. माझं मत विचाराल तर जे पोर अडतं त्याला चाळीस आणि सात असं तोडून बोलायला लावा, पुढं सत्तेचाळीस आपोआप येतं, बाजारात तेच बोलतात सगळे.

आता वाचनाचं. निपुण भारत, म्हणजे लहान मुलांच्या वाचन आणि गणिताची केंद्राची योजना, आल्यापासून, म्हणजे २०२१ पासून, मिनिटाला किती शब्द हे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, तिसरीला किमान ६० शब्द, समजून. त्यात "समजून" हा शब्द सगळे गिळतात ते जाऊ द्या. नोंद करताना नुसता आकडा लिहून फार काही हाती लागत नाही, ४२ लिहिलं तर उद्या त्याच्यासाठी काय करणार? कुठं अडलं ते लिहा. "पर्वत" ला "परवत" म्हणाला का, म्हणजे रफार कळलेला नाही. प्रत्येक जोडाक्षराला थांबतोय का. की शब्दाचं पहिलं अक्षर बघून पुढचं अंदाजानं ठोकतोय, "पावसाळा" लिहिलंय तिथं "पाऊस" म्हणून मोकळा. यातल्या प्रत्येकाला वेगळं काम आहे. आणि एखादं पोर असं असतं की पानच्या पान धडाधड वाचतं आणि बोट भलत्याच शब्दावर असतं, तो धडा पाठ झालेला असतो त्या पोराचा! हे ओळखायला सोपं आहे, चित्रावर हात ठेवा आणि पानातली शेवटची ओळ आधी वाचायला सांगा, किंवा त्याच धड्यातले शब्द उलटसुलट करून फळ्यावर लिहा. अशी मुलं चौथीपर्यंत कुणाच्या लक्षात न येता जाऊ शकतात, कारण ती गप्पही नसतात आणि अडतही नाहीत.

गप्प मुलांवरून आठवलं. पंधरा दिवसांनी वही चाळा आणि त्यात कुणाकुणाची नावं आलीत ते बघा. चार हुशार आणि चार दंगेखोर, बाकी वर्ग गायब, हे शंभर टक्के होतं, माझंच नाही, ज्या ज्या बाईंनी किंवा सरांनी हे करून बघितलंय त्या सगळ्यांचं तेच. मधली मुलं दिसत नाहीत. त्यावर साधा उपाय म्हणजे हजेरी घेताना आजची चार नावं ठरवायची, हजेरीच्या क्रमानंच घ्या म्हणजे निवड करत बसायला नको, आणि आज दिवसभरात या चौघांकडं जरा जास्त बघायचं. वीस पंचवीसचा पट असेल तर आठवड्यात सगळा वर्ग होऊन जातो. पट पन्नासचा असेल तर दोन आठवडे लागतील, लागू द्या. गैरहजर असेल त्याचं नाव उद्यावर. दोनदा तीनदा उद्यावर गेलं तर तीच नोंद झाली, घरी जाऊन बघायचं.

मोठ्या पटाच्या वर्गात अजून एक करता येतं, कागदावर बाकांचा नकाशा काढायचा आणि एका तासात ज्याला प्रश्न विचारला त्याच्या जागेवर रेघ मारायची. स्वतः जमत नसेल तर वर्गातल्या एखाद्या चुणचुणीत पोराला ते काम द्या, त्यांना असल्या कामाची भारी हौस. तास संपला की त्या कागदाकडं बघा, पहिल्या दोन ओळीत रेघाच रेघा आणि दाराजवळचा कोपरा कोरा. मुली कुठं बसतात तेही बघा त्यात.

हे झालं मुलांचं, पण वही आपल्याबद्दलही आहे, आपण काय करतो त्याबद्दल. यातलं सगळ्यात सोपं काम म्हणजे महिन्यातून एकदा मोबाईल रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवायचा, दहा मिनिटं, व्हिडिओ नको नुसता आवाज. घरी ऐकायचं. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून कसंतरीच होतं, त्याला इलाज नाही. ऐकताना दोनच गोष्टी मोजा. एक, दहा मिनिटात मुलांचा आवाज किती वेळ आहे. दोन, प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबतो. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं, वर्गातली रेकॉर्डिंग ऐकून, तर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं निघालं, आणि ते तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही, पण वर्गात उभं राहून थांबून बघा, जीव जातो. मनातल्या मनात एक दोन तीन म्हणा, आणि त्या वेळात फळा पुसा किंवा खिडकीकडं बघा, म्हणजे पोरांवर डोळे रोखले जात नाहीत.

आणि "समजलं का?" हा प्रश्न रेकॉर्डिंगमधे किती वेळा येतो ते पण ऐका. त्याला सगळा वर्ग एका सुरात "होऽऽऽ" म्हणतो, न समजलेला सगळ्यात मोठ्यानं म्हणतो. त्याच्याऐवजी पाटी वापरा. प्रश्न द्यायचा, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून पाटी छातीशी उलटी धरायची, आणि मी टाळी वाजवली की सगळ्यांनी एकदम वर करायची. एका नजरेत कळतं कोण कुठं आहे. पाटी आता जुनी झाली असं काही जण म्हणतात, पण एवढ्या स्वस्तात पंचवीस जणांचं उत्तर एका सेकंदात दाखवणारं दुसरं साधन मला तरी माहीत नाही, टॅबवर होत असेल, आमच्याकडं लाईट असली तर टॅब.

बहुवर्ग असेल तर, म्हणजे एकाच खोलीत दोन इयत्ता, तर नोंद करताना एक गंमत होते, आपण जिथं उभे होतो त्याच वर्गाबद्दल लिहितो. चौथीला भागाकार शिकवत होते तर चौथीचंच लिहिणार. पण खरी गोम तिसरीत असते, त्यांना जे काम देऊन आपण पाठ फिरवली ते त्यांनी केलं का, किती वेळ केलं, कुठं संपलं. मी एक दिवस चौथीबद्दल आणि एक दिवस पाठीमागच्या वर्गाबद्दल असं आलटून पालटून लिहिते. त्यातून जे कळलं ते सांगते, नुसतं "धडा वाचा" किंवा "पाढे लिहा" असं काम दिलं तर ते पाच मिनिटांच्या वर टिकत नाही, जोडीत बसवून एकमेकांना विचारायचं काम दिलं, शब्दपत्त्या, नाहीतर खोट्या नोटांचं दुकान, तर पंधरा वीस मिनिटं आरामात निघतात, आवाज मात्र होतो. आवाजाचं टेन्शन घेऊ नका, कशाचा आवाज आहे ते बघा.

शनिवारी सकाळची शाळा, दुपारी सुटलं की जरा निवांतपणा असतो, तेव्हा आठवड्याची पानं लाल पेन घेऊन वाचा. परत परत आलेलं नाव, परत परत आलेला तास, परत परत आलेला शब्द, याखाली रेघ. रोज वाचून जे दिसत नाही ते सलग वाचल्यावर दिसतं. खिचडीनंतरच्या तासाला सगळीच नोंद रडगाण्याची असेल तर दोष मुलांचा नाही, त्या तासाला गणित ठेवू नका, गणित सकाळी परिपाठ झाला की लगेच घ्या आणि दुपारी गोष्ट, चित्र, परिसरातलं काहीतरी ठेवा. एखाद्या पोराची नोंद प्रत्येक वेळी "फळ्यावरून चुकीचं उतरवलं, तोंडी बरोबर" अशी असेल तर आधी डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा गर्दीत दोन मिनिटात तपासणी होते, त्या डॉक्टरांना आपण तारखांसकट सांगितलं की याला असं असं होतं तर ते नीट बघतात. कानाचंही तसंच, हाक मारल्यावर एकाच बाजूनं वळतो का, शेजाऱ्याचं तोंड बघून उत्तर देतो का, हे रोज वर्गात असणाऱ्यालाच दिसतं.

वहीत काय लिहू नये तेही सांगते. घरातली भांडणं, बापाचं पिणं, कोण कुणाची सावत्र, हे लिहू नका, लक्षात ठेवा हवं तर. वही कुठंतरी राहते, कुणीतरी उघडतं, गाव लहान असतं. पानाचा फोटो काढून कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, कितीही छान उदाहरण असलं तरी. कुणाला सांगायचंच असेल, महिन्याच्या शिक्षण परिषदेत वगैरे, तर नाव न घेता गणित सांगा, २६ कसं आलं ते सांगा, त्यात सगळ्यांना रस असतो, तिथं एखाद्या सरांकडं तुमच्यापेक्षा भारी युक्ती निघते. आणि सहकाऱ्याबद्दल राग आला असेल तर तो या वहीत काढू नका, त्यासाठी घरची माणसं आहेत.

आता या वहीचा सरकारी कामात उपयोग होतो का? होतो, आणि भरपूर होतो. आपल्याकडं २० ऑगस्ट २०१० च्या जीआरनं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात आकारिकच्या, म्हणजे वर्षभर शिकता शिकता करायच्या मूल्यमापनाच्या, साधनांमधे पहिलंच साधन आहे दैनंदिन निरीक्षण. त्या जीआरप्रमाणे पहिली दुसरीला आकारिक ७० टक्के, तिसरी चौथीला ६०. म्हणजे निम्म्याहून जास्त मार्क आकारिकवर, आणि त्यात रोजचं बघणं पहिलं. आणि सत्र संपताना आपण काय करतो, वर्णनात्मक नोंदींची पीडीएफ शोधतो, "परिपाठात उत्साहाने सहभाग घेतो", "अवांतर वाचनाची आवड आहे", हेच वाक्य पंचवीस जणांना थोडं इकडंतिकडं करून. वही असली की ती पीडीएफ लागत नाही. विशेष प्रगतीच्या रकान्यात "दशक सुटा करून वजाबाकी करते, ऑक्टोबरपर्यंत जमत नव्हतं" असं लिहिता येतं, ते खरं असतं, आणि पालकांनाही कळतं. पालक सभेत सुद्धा "अभ्यासात सुधारणा हवी" म्हटलं की आई खाली बघते, आणि "हिला पंचवीस रुपयांतून अठरा गेले तर किती हे रोज दुकानात विचारत जा" म्हटलं की आई लगेच हो म्हणते.

आमच्या ऊसतोडीच्या लेकरांसाठी तर ही वही फारच कामाला येते. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, तिकडच्या शाळेत बसवून घ्यावं म्हणून. त्या कार्डाबरोबर मी वहीतून काढून एक चिठ्ठी जोडते, तिकडच्या गुरुजींसाठी, इथपर्यंत येतं, इथं अडतं, हे दिलं की खुलतं. चार ओळी. तिकडं तो शाळेत जाईलच असं नाही, कोयता लवकर हातात येतो, धाकटं भावंड सांभाळायला ठेवतात, पण गेला तर तिथल्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात नको. एप्रिलमधे परत आला की त्याच चिठ्ठीचे प्रश्न परत विचारायचे. काय राहिलं काय गेलं ते पंधरा मिनिटात कळतं, सगळ्या वर्गाबरोबर चाचणीला बसवायची गरज नाही, तशीही ती त्याला येणार नसतेच. आणि जे नवीन शिकून आला तेही लिहा! ट्रॉलीत किती मोळ्या बसतात, टनाचा भाव, उचल किती फिटली, हा हिशोब यातली काही पोरं आपल्यापेक्षा पटकन करतात आणि वहीवर मांडलं की गप्प होतात. मग तोच हिशोब फळ्यावर घ्या, तिथून पुढं चला.

मधे खंड पडणारच. निवडणुकीची ड्युटी, सर्वेक्षण, प्रशिक्षण, कुणाच्या तरी लग्नाची रजा. राहिलेले दिवस भरून काढायच्या भानगडीत पडू नका, मागच्या तारखा टाकून लिहिलेल्या नोंदी म्हणजे कादंबरी. आजची तारीख टाका आणि आजचं एक लिहा. ज्या दिवशी अगदीच जीव नाही त्या दिवशी एक नाव आणि एक शब्द, तेवढ्यावर सुद्धा दुसऱ्या दिवशी काम होतं. आणि महिनाभर लिहूनही वहीतल्या "उद्या" या भागातलं काहीच वर्गात होत नसेल तर लिहिणं कमी करा, उद्याचं काम छोटं करा. "वाचन सुधारणे" हे उद्याचं काम नाही, "रफाराचे पाच शब्द पाटीवर" हे उद्याचं काम आहे.

वर्ष संपलं की वहीचं काय करायचं हा प्रश्न नवीन शिक्षकांना पडतो. चौथीची मुलं पाचवीला दुसऱ्या शाळेत जातात, नाहीतर आपलीच बदली येते. मी प्रत्येक मुलाचं एक पान वेगळं उतरवते, काय येतं, कशावर अडतं, कशानं खुलतं, फळ्यापासून किती लांब बसवावं, आणि ते पुढच्या शिक्षकाच्या हातात देते, टीसीच्या पाकिटात घालत नाही. पाचवीच्या सरांना फोन करून सांगते की पान पाठवलंय, एकदा बघून घ्या. काही जण बघतात. मूळ वही मात्र मी कुणाला देत नाही, त्यातल्या युक्त्या नवीन वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेते आणि जूनच्या आधी चुलीत घालते.